डोंगर दिसला की उडू

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोघातिघांनी विचारलं, ब्लॉग बंद केलास की काय म्हणून. बंद नाही केलेला, नुसता आळस. असो.

निमित्त दादाचं आहे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली भागात शिक्षक आहे. (घरची मंडळी इथेच हसायला लागतील, कारण हा किस्सा त्याने सगळ्यांना दोनदोनदा ऐकवून झालाय.) नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्याला आतल्या एका गावच्या मतदान केंद्राची ड्यूटी लागली. तिकडच्या जंगलातल्या रस्त्यांवर सुरुंगाची भीती, त्यामुळे आतल्या केंद्रांवरची माणसं आणि मतदान यंत्रं हेलिकॉप्टरने नेतात. दादाच्या आयुष्यातलं पहिलं उड्डाण. वहिनीने डब्यात दशम्या दिलेल्या, खिशात आवळासुपारी, सगळी जय्यत तयारी.

सकाळी सहाला सगळे हेलिपॅडवर हजर. यंत्रांच्या पेट्या पायाशी. आणि समोर नुसतं पांढरं धुकं. हेलिकॉप्टर उभं, पायलट उभा, पंखा काही फिरत नाही. सात वाजले, आठ वाजले. शेवटी एका तलाठ्याने धीर करून विचारलं, "साहेब, कधी निघायचं?" पायलटने सूरजागडच्या दिशेला बोट केलं. तिकडे काहीच नव्हतं. म्हणाला, "वो पहाड दिखेगा, तब उडेंगे."

नऊच्या पुढे कधीतरी धुक्याच्या वर डोंगराची काळसर कड दिसली, मग हळूहळू सगळी रांग. पंधरा मिनिटांत हे लोक हवेत होते.

परत आल्यावर दादाचा फोन. "अरे, एवढे सॅटेलाइट, एवढे कॉम्प्युटर, आणि शेवटी हा माणूस डोंगराकडे बघत उभा! ह्या मिलिटरीवाल्यांना हवामान सांगणारं कुणी नसतं का रे?"

घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात. असतं की, असं म्हणून तेव्हा वेळ मारून नेली. पण नंतर वाचत गेलो तसा अडकत गेलो, आणि वाचता वाचता सूरजागडहून थेट मुंबईच्या कुलाब्याला पोचलो. ते सगळं इथे मांडतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी दादाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. आपल्या वायुदलात हवामानशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे. गणवेशातले अधिकारी असतात, त्यांचं काम फक्त हवा. उड्डाणाआधी वैमानिकांना ढग किती उंचीवर आहेत, वारा कुठून, दृश्यता किती, पुढच्या काही तासांत काय बदलेल, हे ते सांगतात. नौदलाचंही असंच, कोचीला त्यांची समुद्रविज्ञान आणि हवामानशास्त्राची शाळाच आहे. तुम्हीआम्ही टीव्हीवर ऐकतो तो अंदाज 'विदर्भात तुरळक ठिकाणी' अशा भाषेत असतो. वैमानिकाला तो पुरत नाही. त्याला ह्या पट्टीवर, ह्या तासाला, किती मीटर दिसेल ते हवं असतं. आणि डोंगराकडे बघणं हा काही गावठीपणा नव्हे. हवामान निरीक्षक दृश्यता मोजतात ती अशीच. प्रत्येक ठाण्याभोवती अंतर माहीत असलेल्या खुणा ठरवलेल्या असतात, अमुक पाण्याची टाकी, तमुक टेकडी. सगळ्यात लांबची कुठली खूण दिसते त्यावरून आकडा लिहायचा. आता मोठ्या विमानतळांवर त्याची यंत्रं आहेत, पण जंगलातल्या तात्पुरत्या हेलिपॅडवर डोंगर हेच यंत्र. (उन्हाळ्यातल्या निवडणुकीत प्रश्न वेगळा. हवा तापली की विरळ होते आणि हेलिकॉप्टर उचलतं ते वजन कमी होतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये दादाच्या दशम्यासुद्धा मोजून घ्याव्या लागल्या असत्या :-) )

तर मूळ प्रश्न असा, की लष्कराने हवामानाचा नाद लावून घेतला कधी? मला वाटायचं विमानं आल्यावर. तसं नाही. खरं तर हवामानाचा अंदाज ही गोष्टच बऱ्याच अंशी लष्कराच्या नुकसानीतून निघाली.

क्रिमियाचं युद्ध. १४ नोव्हेंबर १८५४. काळ्या समुद्रात बालाक्लाव्हाजवळ इंग्रज-फ्रेंच आरमार नांगर टाकून उभं असताना प्रचंड वादळ आलं. फ्रेंचांची 'हेन्री चौथा' ही युद्धनौका गेली. इंग्रजांचं 'प्रिन्स' नावाचं जहाज बुडालं, त्यात सैन्यासाठी आणलेले हिवाळ्याचे कपडे होते. पुढे त्या हिवाळ्यात इंग्रज सैन्याचे काय हाल झाले ते शाळेत फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या धड्यात येतंच. फ्रेंच युद्धमंत्र्याने ल व्हेरिए ह्या खगोलशास्त्रज्ञाला चौकशी करायला सांगितलं (नेपच्यूनची जागा गणिताने सांगणारा तो हाच). त्याने युरोपभरातून त्या दिवसांतल्या नोंदी मागवल्या आणि दाखवून दिलं की वादळ अचानक उपटलेलं नव्हतं, ते युरोप ओलांडत चालत आलं होतं. वाटेतल्या गावांनी तार केली असती तर आरमाराला आधी कळलं असतं.

इंग्लंडमध्ये त्याच वर्षी हवामान खातं निघालं त्याचा प्रमुख नौदलातलाच, फिट्झरॉय, म्हणजे डार्विनला ज्या 'बीगल' जहाजावरून नेलं त्याचा कप्तान. १८६१ पासून तो बंदरांना वादळाचे इशारे द्यायला लागला. अमेरिकेने १८७० साली हवामानाचं काम सरळ सैन्याच्या सिग्नल विभागाकडे दिलं, कारण शिस्तीत ठरल्या वेळी नोंद घेऊन तार करणारी माणसं त्यांच्याकडेच होती. वीसेक वर्षांनी, १८९१ मध्ये, ते मुलकी खात्याकडे गेलं.

तार हा ह्या सगळ्याचा कणा. आणि तार म्हटलं की आमच्या चांदागडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १८५८ साली बाबुराव शेडमाक्यांनी अहेरीच्या बाजूला चिंचगुडीला छापा घातला तो तारखात्याच्या छावणीवर, त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. इंग्रजी सत्ता जंगलात शिरत होती ती तारेच्या खांबांबरोबर, हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं. २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुरावांना चांद्यात फाशी दिलं. ही तारीख लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट तिच्यानंतर जेमतेम अकरा महिन्यांची आहे.

आता सूरजागडची दुसरी बाजू. पायलटने ज्या डोंगराकडे बोट केलं तो लोखंडाचा आहे. माडिया लोकांचा ठाकूरदेव तिथे, दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिज. लोखंडाच्या डोंगरात सर्व्हे करणारे लोक होकायंत्रावर आंधळा विश्वास ठेवत नाहीत. खडकात मॅग्नेटाइट असेल तर सुई उत्तर सोडून त्याच्याकडे झुकते. एकोणिसाव्या शतकात हीच डोकेदुखी समुद्रावर सुरू झाली होती. लाकडी जहाजांच्या जागी लोखंडी जहाजं येत होती, म्हणजे खलाशी लोखंडाचा डोंगर बरोबर घेऊनच फिरायला लागले. सुई किती चुकते, ती जहाजामुळे चुकते की पृथ्वीच मधेमधे चाळा करते, हे कळणं आरमाराच्या जिवावरचा प्रश्न झाला.

म्हणून १८३९-४० च्या सुमारास इंग्रजांनी जगभर चुंबकीय वेधशाळांची साखळी उभारायला घेतली. तिचा सूत्रधार एडवर्ड सॅबाइन, हा तोफखान्यातला अधिकारी. वसाहतींमधल्या वेधशाळांवर तोफखान्याचे तरुण लेफ्टनंट बसवले, सिमल्याची वेधशाळा इंजिनिअर कॅप्टन बॉयलोकडे. ठरलेल्या दिवशी जगभर एकाच क्षणी नोंद घ्यायची, आणि घड्याळ मात्र जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनचं! सिमला, मद्रास, सिंगापूर, सगळीकडे स्थानिक वेळ बाजूला ठेवून ग्यॉटिंगेनच्या ठोक्याला सुई वाचत बसलेले लोक, हे चित्र मला फार आवडतं.

मुंबईला कुलाब्याची वेधशाळा आधीपासून होती. कंपनी सरकारने ती १८२६ साली बांधली ती ताऱ्यांच्या प्रेमापोटी नाही, तर बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. घड्याळ चुकलं तर रेखांश चुकतो, रेखांश चुकला तर जहाज खडकावर. १८४१ मध्ये तिथे चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या, एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लिबार ह्यांच्या देखरेखीखाली. आणि इथे आपली माणसं येतात. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी ह्या वेधशाळेचा कारभार सांभाळलाय. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना, मिसरूड फुटायच्या वयात इथे सहायक म्हणून लागले आणि दहाएक वर्षं राहिले. पंचांगाचं गणित सुधारण्याचा ध्यास घेणारा माणूस ताऱ्यांकडे बघायला शिकला तो ज्या जागी, ती मुळात कंपनीच्या जहाजांच्या सोयीसाठी होती. आम्हाला शाळेत केरूनाना शिकवले ते फक्त 'टिळकांचे गुरू' म्हणून, हे काही कुणी सांगितलं नाही.

ऑर्लिबारनंतर वेधशाळा आली आरमाराच्या ताब्यात. कंपनीचं स्वतःचं आरमार होतं, 'इंडियन नेव्ही' नावाचं, मुख्य ठाणं मुंबई. त्यातले माँट्रिऊ हे अधिकारी वेधशाळेचे प्रमुख झाले, त्यांच्यानंतर लेफ्टनंट फर्ग्युसन. (हे पुण्याच्या कॉलेजवाले फर्ग्युसन नव्हेत. ते गव्हर्नर.) म्हणजे १८५० च्या दशकात मुंबईत काय होतं? लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली चालणारं, हवामान आणि भूचुंबकत्व दोन्ही बघणारं, रात्रंदिवस नोंदी ठेवणारं ठाणं. 'लष्कराची हवामान सेवा' हे नाव तेव्हा नव्हतं, पण दुसरं काय म्हणायचं त्याला?

काम कसं चाले ते थोडं सांगतो, कारण मला त्याचंच जास्त अप्रूप. तलम धाग्याला टांगलेला चुंबक, त्याला चिकटवलेला छोटा आरसा. काही अंतरावर दुर्बीण. दुर्बिणीतून आरशात बघायचं, आरशात मोजपट्टीचं प्रतिबिंब दिसतं, चुंबक केसभर हलला तरी पट्टीवरचा आकडा सरकतो. तो आकडा वहीत लिहायचा. दर तासाला. दिवसा, रात्री, पावसात, दिवाळीत. फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रं युरोपात काही ठिकाणी आली होती, कुलाब्यात मात्र तेव्हा डोळा आणि बोरू. सुई नेहमीपेक्षा जास्त नाचायला लागली तर तासाची वाट बघायची नाही, पंधरा मिनिटांनी, पाच मिनिटांनी वाचायचं, असा शिरस्ता.

१ सप्टेंबर १८५९. लंडनजवळ रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा हौशी खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होता. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास त्या डागांत डोळे दिपवणारा उजेड चमकला आणि पाच मिनिटांत विझला. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. मी पंचांग मागे मोजत नेलं, भाद्रपद शुद्धातले पहिले दिवस येतात. तिथीची एखादी घटका इकडेतिकडे धरा, पण गणपतीचे दिवस होते. सार्वजनिक गणपती अजून तीसपस्तीस वर्षं लांब, घरोघरचे. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या एखाद्या सहायकाच्या घरी मखर बांधून झालं असेल.

साधारण साडेसतरा तासांनी, म्हणजे मुंबईच्या २ तारखेच्या सकाळी, सूर्यावरून निघालेला तो लोट पृथ्वीवर आदळला. कुलाब्यातली सुई सैरभैर झाली. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाने शिरस्त्याप्रमाणे तास सोडला आणि पाचपाच, पंधरापंधरा मिनिटांनी आकडे लिहायला घेतले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक काही वेळातच सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता. मुंबईत तो एकूण चाळीस हजाराच्या आतबाहेर असतो, त्यावरून अंदाज घ्या. जगात इतरत्र तारयंत्रांतून ठिणग्या उडत होत्या, क्यूबापर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. मुंबईत दिवस होता आणि पावसाळा. बाहेर कुणाला काहीही कळलं नसणार. फक्त त्या खोलीत एक माणूस बघत होता की आकडे पट्टीवरून पळताहेत. आणि तो लिहीत राहिला. 'यंत्र बिघडलं' म्हणून उठून गेला नाही.

त्या वर्षीच्या नोंदींचा ग्रंथ १८६० मध्ये मुंबईत छापला गेला, लेफ्टनंट फर्ग्युसन, इंडियन नेव्ही, ह्यांच्या नावाने. १८६३ मध्ये कंपनीचं ते आरमारच मोडीत निघालं. ज्याच्यासाठी हे आकडे घेतले ते आरमार संपलं, आकडे राहिले.

वेधशाळा पुढे मुलकी झाली. १८९६ साली नानाभाई अर्देशिर मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे कळल्यावर मूससाहेबांच्या लक्षात आलं की ट्रामचा प्रवाह आपल्या सुयांना वेडं करणार. ट्राम थांबणार नव्हती. मग चुंबकीय वेधशाळाच समुद्रापलीकडे अलिबागला हलवली, १९०४ मध्ये. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, सांधा जुळावा म्हणून. अलिबागची ती वेधशाळा आजही चालू आहे, किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांपैकी फार थोडे आत डोकावतात. मूस ह्यांनी १८४६ ते १९०५ ची सगळी चुंबकीय नोंद १९१० साली दोन जाडजूड भागांत छापली. मग बराच काळ ती कपाटात.

(मधेच एक पुणेरी फाटा. शिवाजीनगरचा 'सिमला ऑफिस' चौक रोज ओलांडणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की भारताच्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव? सोळा वर्षं देशाचं हवामान पुण्यातून सांगितलं जात होतं. महायुद्ध ऐन भरात असताना, १९४४ मध्ये, मुख्यालय दिल्लीला गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्मंडीच्या चढाईची तारीख ५ वरून ६ केली ती ग्रुप कॅप्टन स्टॅग ह्या हवामान अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून.)

कपाटातल्या नोंदींचं पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी १९६७ चं एक प्रकरण. २३ मे. शीतयुद्धाचा ऐन काळ. उत्तरेकडून येणारी रशियन क्षेपणास्त्रं टिपण्यासाठी अमेरिकन वायुदलाने उभारलेली तिन्ही रडार केंद्रं एकाच वेळी ठप्प झाल्यासारखी दिसली. रशियाने मुद्दाम रडार जॅम केली असतील तर ती युद्धाचीच कृती. अण्वस्त्रधारी विमानं सज्ज करण्यापर्यंत गोष्ट आली. त्याच सुमारास अमेरिकन वायुदलाच्या हवामान सेवेत सूर्यावर लक्ष ठेवणारी काही माणसं नेमलेली होती. त्यांनी वर कळवलं की हा रशिया नाही, सूर्य आहे, मोठा स्फोट झालाय, सूर्याच्या रेडिओ लहरींनी रडारं आंधळी झालीत. विमानं जमिनीवर राहिली. हे सगळं सविस्तर जगासमोर आलं २०१६ साली, त्यात सामील असलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांना सोबत घेऊन लिहिलेल्या निबंधातून.

सूर्याकडे बघणारा कुणी नसता तर, ह्या वाक्यापाशी मी दोन दिवस अडलो होतो.

तर असं होत होत सूर्याचं हवामान हाही लष्करांच्या रोजच्या कामाचा भाग झाला. उपग्रह, लांब पल्ल्याचा रेडिओ, जीपीएस, सगळ्यांना त्याचा फटका बसतो. मग प्रश्न आला, सगळ्यात वाईट म्हणजे किती वाईट होऊ शकतं? त्यासाठी १८५९ चं वादळ मोजायला हवं. पण तेव्हाच्या बऱ्याच वेधशाळांची यंत्रं त्या दिवशी मोजपट्टीबाहेर गेलेली, नाहीतर त्या इतक्या उत्तरेला की ध्रुवीय प्रवाहांमुळे आकडे गोंधळाचे. विषुववृत्ताच्या जवळची, पण फार जवळची नाही, अशी चांगली नोंद हवी होती. ती निघाली आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत जपलेल्या कुलाब्याच्या कागदांतून. गुरबक्ष लाखिना, एस. अलेक्स आणि अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी वगैरेंनी २००३ साली ती मांडली आणि वादळाची तीव्रता उणे १७६० नॅनोटेस्ला अशी काढली. १९८९ साली कॅनडात क्यूबेक प्रांताची वीज घालवणारं वादळ उणे ५८९ होतं. तेव्हापासून 'सगळ्यात वाईट किती' ह्या चर्चेत कुलाब्याचा आकडा येतोच.

दादाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेतो, मग भलताच प्रश्न विचारतो. म्हणाला, "त्या सकाळी वाचणारा माणूस कोण होता?" मी म्हटलं, केरूनानांसारखाच कुणी देशी सहायक असेल. "पुस्तकावर नाव साहेबाचं ना?" हो, म्हटलं. "मग बरोबर," दादा म्हणाला. "आमच्या शाळेतही तसंच."

मग मी त्याला एक काम लावलं. त्याच्या शाळेच्या ओट्यावरून सूरजागडची रांग दिसते. म्हटलं रोज सकाळी डोंगर किती वाजता दिसायला लागला तेवढं एका वहीत लिही. एरवीही तो त्या डोंगराकडे बघतच असतो. २०१६ पासून तिथे खाण सुरू आहे, परतीच्या उड्डाणात त्याने मोबाइलवर काढलेल्या फोटोत लाल पायऱ्यापायऱ्या स्पष्ट दिसतात. डोंगराची कड आधी अशी नव्हती, असं गावातले म्हातारे म्हणतात. पायलटची खूण म्हणून वापरायची तर तीही नोंद पुढे लागेल कुणालातरी.

दादाने वही घातली. आखीव, दोनशे पानी. तारीख, वेळ, शेरा. 'धुके दाट', 'धुके विरळ', 'स्वच्छ', एका दिवशी नुसतंच 'ट्रकची धूळ'. अकरा दिवस रोज नोंद आहे, अक्षरही सुंदर. बाराव्या दिवशी त्याला प्रशिक्षणाला गडचिरोलीला बोलावलं, आणि मग राहिलंच.